दोघांची मोटार, एकाचे नाव

संसारातील दोघांपैकी एक निघून गेला, म्हणजे मागे उरलेल्याच्या दारी शोकाच्या पाठोपाठ जे येऊन उभे राहते ते दप्तर होय: पासबुके, विम्याचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, विजेच्या देयकावरील नाव, आणि मध्यमवर्गीय घरात हल्ली बहुधा असतेच ती मोटार असल्यास तिचे नोंदणीपत्र, ज्याला व्यवहारात सारेच जण आरसी म्हणतात. यांपैकी घराच्या आणि बँकेच्या कागदांवर पतिपत्नी दोघांची नावे घालण्याची रीत आता बरीच रुळली आहे. मोटारीच्या कागदावर मात्र ती रुळलेली नाही, आणि का रुळलेली नाही याचा विचार, तसा प्रसंग स्वतःवर गुदरेपर्यंत, सहसा कोणी करीत नाही.

इंदुरात राजवाड्याच्या पिछाडीस, सराफ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत, कित्येक पिढ्या नांदत आलेल्या एका मराठी कुटुंबावर हा प्रसंग नुकताच आला. गृहस्थ श्रावणात वारले. मोटार २०१६ साली उभयतांनी आपापल्या वेतनातून निम्मी-निम्मी रक्कम घालून घेतलेली; नोंदणी पतीच्या एकट्याच्या नावे झालेली. पुढे तेराव्याच्या दानाचे जिन्नस आणण्यासाठी पत्नी बाजारात गेल्या असता गर्दीत त्यांची पर्स हरवली, आणि नोंदणीपत्र त्या पर्समध्येच होते. या बाई, ज्यांना मी येथे वहिनी म्हणेन, महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे चुलत दीर, ज्यांना सारे आप्तेष्ट नाना म्हणतात आणि जे दिवंगतांस दादा म्हणत, न्यायालयाच्या दप्तरात आयुष्य घालवून अधीक्षक म्हणून सेवामुक्त झालेले. अर्ज लिहिण्यासाठी दोघे बसले असता त्यांच्यात जे संभाषण झाले त्यास मी साक्षी होतो, आणि उभयतांच्या अनुमतीने ते येथे मांडीत आहे.

नाना: वहिनी, प्रथम क्रम लावून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतील नियम ५३ हा हरवलेल्या नोंदणीपत्राचा. ज्या ठाण्याच्या हद्दीत ते हरवले तेथे खबर द्यावयाची, ज्या अधिकाऱ्याने ते दिले त्यास लेखी कळवावयाचे, आणि नमुना २६ भरून दुसरी प्रत मागावयाची. मालक मयत झाल्यास नियम ५६. मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे की मालक वारले आणि वाहन मी वापरणार आहे. ते तुम्ही केलेच आहे. त्यानंतर मृत्यूपासून तीन महिन्यांच्या मुद्दतीत नमुना ३१ मध्ये नामांतराचा अर्ज, आणि त्यासोबत तीन कागद: मृत्यूचा दाखला, नोंदणीपत्र, विम्याचे प्रमाणपत्र.

वहिनी: भावजी, त्या तिघांतला मधलाच माझ्यापाशी नाही. तो मिळवू म्हटले, तर दुसरी प्रत मालकाने मागावी असे नियम सांगतो, आणि मालक म्हणून ज्यांचे नाव नोंदलेले ते तर गेले. म्हणजे प्रत हाती येईपर्यंत नाव चढावयाचे नाही आणि नाव चढेपर्यंत प्रत मागण्याचा अधिकार नाही, अशा पेचात मी उभी आहे.

नाना: पेच आहे खरा, परंतु त्याची सोडवणूकही त्याच नियमात आहे. ज्याने मृत्यूची खबर मुद्दतीत दिली, त्याने तीन महिने ते वाहन जणू आपल्या नावे झालेलेच आहे असे समजून वापरावे, अशी नियम ५६ ची मुभा आहे. त्या मुभेवर बोट ठेवून आपण दोन्ही अर्ज एकाच संचिकेत देऊ. वर ठाण्याची खबर, तिच्याखाली शपथपत्र, मग नमुना २६, मग नमुना ३१. शुल्क दोहोंचेही मूळ नोंदणीशुल्काच्या निम्मे, म्हणजे जड नव्हे. शिवाय हरवला आहे तो कागद. नोंद हरवलेली नाही. ती सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत जशीच्या तशी आहे. आणि कर्ज केव्हाच फिटले, बँकेचा बोजाही नोंदीतून उतरवून घेतलेला आहे. तसे नसते तर दोन्ही नमुन्यांवर सावकार बँकेची संमती घ्यावी लागली असती.

वहिनी: कष्टाचे मला काही वाटत नाही. ठाण्यात जाईन, नोटरीकडे जाईन, शहराबाहेर नायता मुंडल्याच्या कार्यालयातही जाईन. मला सलते आहे ते वेगळे. या नमुन्यावर मी सही करावयाची ती कोणत्या नात्याने? तो धरून चालतो की मयताच्या पश्चात हे वाहन माझ्या ताब्यात आले. भावजी, ते माझ्या ताब्यात आले नाही, होतेच. निम्मे पैसे माझ्या खात्यातून गेले, त्याची नोंद पासबुकात आहे. पाच वर्षे हप्त्यांपैकी निम्मा मी भरला. आणि आज जी वस्तू माझी आहे ती मला वारस म्हणून मिळावी, अशी विनंती मीच करावयाची!

येथे नानांनी चष्मा काढून ठेवला आणि किंचित थांबून जे सांगितले ते मला स्वतःला नवे होते. मोटारीची मालकी एकाहून अधिक जणांची असू शकते हे कायद्यास ठाऊकच नाही, अशी बहुतेकांप्रमाणे माझीही समजूत होती.

नाना: तुमचे म्हणणे कायद्याने ऐकलेलेच नाही असे मानू नका. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्याच्या कलम ४१ च्या पहिल्याच पोटकलमाखाली एक परंतुक आहे. वाहन अनेकांच्या संयुक्त मालकीचे असल्यास नोंदणीचा अर्ज त्यांपैकी एकाने सर्वांच्या वतीने करावा, आणि या अधिनियमापुरता तो अर्जदारच मालक मानला जाईल, अशी त्याची योजना. दादांनी अर्ज केला तो तुम्हां दोघांच्या वतीने केला, असे म्हणण्यास पूर्ण आधार आहे.

वहिनी: मग त्या परंतुकाचा उत्तरार्ध पुन्हा वाचा. पूर्वार्धात मी मालकीण आहे आणि उत्तरार्धात नाही. एकाच वाक्यात मला दारातून आत घेतले आणि त्याच वाक्यात बाहेर उभे केले. बरे, मी गेले असते आणि ते मागे राहिले असते, तर काय झाले असते? काहीच नाही. कोणी कोठे अर्ज केला नसता, मुद्दत मोजली नसती. माझी अर्धी मालकी कागदावर नव्हतीच, तेव्हा ती कागदावरून जाण्याचाही प्रश्न नव्हता.

नाना: परंतु एकच नाव का, याचेही कारण पाहा. नोंदणी ही मालकीची सनद नव्हे. या वाहनाबद्दल जबाब कोणी द्यावयाचा ते ती सांगते. उद्या पलासियाच्या चौकात एखाद्या पायी चालणाऱ्यास या मोटारीची धडक बसली, तर रस्त्यावर पडलेल्या त्या माणसाने तुमच्या पासबुकाचा हिशेब कोठे शोधीत बसावे? सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात २०१८ साली हेच ठरवले. तेथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली जात गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावे राहिली. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या नावावर आली. अपघातग्रस्ताने विक्रीची साखळी उकलीत बसू नये, हा त्यामागचा आशय. वहिनी, ज्याला आपण रूक्ष म्हणतो त्या दप्तरात असे एक करुणेचे तत्त्व असते. जो कोर्टात बोलू शकत नाही, ज्याला वकील ठाऊक नाही, त्याला एक निश्चित नाव सापडावे म्हणून ती सारी खटपट असते. जन्मभर मी ते दप्तर सांभाळले ते याच श्रद्धेने.

वहिनी: तुमच्या श्रद्धेचा मी आदर करते, आणि त्या पायी चालणाऱ्या माणसाची बाजू सोडावी असे मीही म्हणणार नाही. पण त्याला एकाऐवजी दोन नावे सापडली, तर त्याचे नुकसान काय? घराचे कर्ज देताना बँक पतिपत्नी दोघांच्या सह्या घेते, आणि वसुलीच्या वेळी दोघांनाही पूर्णपणे जबाबदार धरते. संयुक्त आणि पृथक् दायित्व ही कल्पना कायद्यास नवी नाही. बँकेतल्या आमच्या खात्यावर दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो, अशी नोंद होती. हे गेले त्यानंतर मृत्यूचा दाखला दाखवताच तेथले काम संपले. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोटारीच्या मालकीपत्रावरही दोन नावे घालता येतात, आणि हयात राहणाऱ्याकडे मालकी जावी अशी नोंद आधीच केलेली असेल तर मागे उरलेल्यास वारसाहक्क सिद्ध करण्याची पाळी येत नाही. दोन नावांनी जबाबदारी पातळ होते असे ना तिथे कोणी मानले, ना आमच्या बँकेने.

नाना यावर लगेच बोलले नाहीत. दोन नावांच्या नोंदीविरुद्ध जो आक्षेप त्यांनी घेतला होता त्याचा पुरता निरास झाला हे त्यांस दिसत होते, आणि प्रतिपक्षाचा योग्य मुद्दा मुकाट्याने मान्य करण्याची न्यायालयीन शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली आहे. परंतु त्यांचा खरा युक्तिवाद पुढेच होता.

नाना: तेवढे मी सोडतो. आता दुसरे ऐका, आणि रागावू नका. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा आणि मुले जशी येतात तशी त्याची आईही येते. कॅनडातल्या आपल्या मुलीचे संमतिपत्र मागवण्याचे तुमच्या मनात आहे, ते मघाशीच तुम्ही बोललात. काकूंचे नाव तुमच्या बोलण्यात आले नाही.

वहिनी: आई आमच्यातच राहतात, भावजी. त्यांचे निराळे असे काही माझ्या मनात कधी आलेच नाही.

नाना: तेच सांगतो आहे. ज्यांचे निराळे असे काही घरातल्या कोणाच्याही मनात येत नाही, त्यांची आठवण ठेवण्याचे काम कागद करतो. मुलगा गेला, डोळ्यांना दिसत नाही, बाहेर जाणे नाही. त्या काही मागणार नाहीत. म्हणूनच त्यांना विचारले पाहिजे. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो की नियम ५६ इतर वारसांची संमती मागतच नाही. अधिनियमाचे कलम ५० म्हणते ते एवढेच, की वाहन ज्याच्या ताब्यात आले त्याने अर्ज करावा. पुढे वाद उद्भवू नये म्हणून व्यवहारात संमतिपत्रे जोडली जातात. तुम्हांला जो कागद नको वाटतो, त्याच्यामुळेच काकू या खोलीत आल्या.

माझ्या मते नानांच्या सर्व बोलण्यात याहून बळकट दुसरे काही नव्हते. वहिनी काही वेळ स्तब्ध राहिल्या. त्यांनी सासूबाईंची चाळीस वर्षे सेवा केली आहे हे गल्लीत कोणास ठाऊक नाही! परंतु सेवा निराळी आणि हक्क निराळा, आणि नेमका हाच भेद त्या स्वतःसाठी मघापासून मागत होत्या, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे. कारण पुढे त्या बोलल्या त्या अधिक शांतपणे आणि अधिक रोखठोक.

वहिनी: आईंना विचारलेच पाहिजे. ते माझ्याकडून राहत होते आणि तुम्ही राहू दिले नाही. पण आता हिशेब करून दाखवा. मोटार संपूर्ण यांची होती असे धरले, तर वाटे कसे पडतात?

नाना: काकू, तुम्ही आणि मुलगी. तिघींना समान, प्रत्येकी एक तृतीयांश.

वहिनी: आणि निम्मी माझी होती असे धरले तर?

नाना: तर वारसाहक्क लागू होतो तो केवळ दादांच्या निम्म्याला. त्याचे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. तुमचा स्वतःचा अर्धा आणि हा एक षष्ठांश मिळून दोन तृतीयांश तुमचे.

वहिनी: म्हणजे एक नाव लिहावयाचे राहिले, तर दोन तृतीयांशाचे एक तृतीयांश होते. आमच्या घरात यावरून कोणी भांडणार नाही, आणि इतक्या वर्षांच्या मोटारीची किंमत ती काय! परंतु हेच वाहन जर एखाद्या बाईच्या पोटापाण्याचे असेल, टेम्पो असेल, तिने स्त्रीधन मोडून निम्मे पैसे घातले असतील आणि मागे सासरची माणसे सलोख्याची नसतील, तर?

नाना: तर तिने दिवाणी दावा लावून पैसे आपण दिल्याचे सिद्ध करावे. नोंदणी हा मालकीचा निर्णायक पुरावा नसल्याने तिची वाट बंद नाही.

वहिनी: वाट बंद नाही हे खरे, पण ती वाट दिवाणी न्यायालयातून जाते, आणि तुम्ही जन्म तेथेच काढला आहे. ती किती लांब असते ते तुम्हीच सांगा.

नाना: लांब असते. म्हणून तर २०२१ पासून नोंदणीपत्रावर नामनिर्देशनाची सोय केली आहे. मालकाने हयातीत आपल्या पश्चात कोणाचे नाव लागावे ते नोंदवावे. दादांनी ते केले असते, तर आजची निम्मी खटपट वाचली असती.

वहिनी: निम्मी खटपट वाचली असती, ते मान्य. पण नामनिर्देशन म्हणजे त्यांनी मला काही द्यावयाचे. जे मूळचे माझेच, ते त्यांनी द्यावे कसे? शिवाय नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने वस्तू सांभाळते, असे विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितले, आणि समभागांच्या बाबतीतही २०२३ साली तेच सांगितले, हे मला तुम्हीच एकदा समजावून दिले होते.

मी स्वतः येथे वहिनींच्या बाजूचा आहे, आणि ते स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. परंतुकाचा पूर्वार्ध जर संयुक्त मालकी ओळखतो, तर नोंदणीच्या नमुन्यात इतर मालकांची नावे लिहिण्यापुरती एक ओळ असावयास काय हरकत आहे? जबाब देण्यासाठी एक नाव पुढे असावे, हे नानांचे तत्त्व त्याने ढळत नाही. दुसरे नाव मागच्या ओळीत उभे राहिले, तरी दप्तराला ते दिसत राहते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घरात मोटार असणे ही क्वचित गोष्ट होती आणि वेतन बहुधा एकाचेच येई. आता दोन वेतनांवाचून मोटार येत नाही अशी असंख्य घरे आहेत, आणि त्यांच्या कागदांनी त्या दुसऱ्या वेतनाची दखल घेऊ नये हे उचित नाही.

वहिनींनी मग जो दाखला दिला तो त्यांच्या विषयातला होता आणि खिडकीतून दिसणाऱ्या राजवाड्याच्या वरच्या मजल्यांकडे पाहूनच त्यांस तो सुचला असावा.

वहिनी: पहिल्या मल्हारराव होळकरांनी पेशव्यांकडून १७३४ साली पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी करून घेतली. दौलत सरदाराची, खासगी त्याच्या पत्नीची; तिचा वसूल निराळा, तिचा जमाखर्च निराळा. १७६१ साली गौतमाबाई वारल्या, तेव्हा ती खासगी त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंचे पती खंडेराव कुंभेरीला १७५४ मध्येच पडले होते. मल्हारराव १७६६ साली गेले, अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव १७६७ साली. घरातला प्रत्येक पुरुष गेला, पेशवे घराण्यातले राघोबादादा फौज घेऊन माळव्याच्या वाटेला लागले, त्या काळात अहिल्याबाई जेवढ्या स्वतःच्या धैर्यावर उभ्या राहिल्या तेवढ्याच त्या खासगीवरही उभ्या राहिल्या. पुढे काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट आणि जी देवळे त्यांनी बांधली, त्यांचा खर्चही याच खासगीतून झाला. अठराव्या शतकात एका सरदाराला पत्नीच्या नावे निराळी नोंद असावी असे सुचले, आणि माझ्या मोटारीच्या वेळी ते कोणासच सुचले नाही!

नाना: हा दाखला तुमच्या बाजूचा आहे तितकाच माझ्याही. ती सनद लेखी होती म्हणून टिकली. केवळ मल्हाररावांच्या तोंडी शब्दावर गौतमाबाईंची खासगी उभी असती, तर अहिल्याबाईंच्या हाती काय आले असते? तुम्ही कागदावर रागावता, वहिनी, पण मागता आहात तो आणखी एक कागदच.

वहिनी: होय, आणखी एक कागदच मागते आहे. आता तो कोठे लिहावयाचा ते तुम्ही सांगा. नमुना ३१ मध्ये त्याला रकाना नाही.

नाना पुन्हा चष्मा लावून नमुन्यावरून बोट फिरवू लागले. रकाना नव्हता. सोबतच्या पत्रात तसे लिहावे असे वहिनींनी सुचवले, त्यावर नाना म्हणाले की ते पत्र संचिकेत पडून राहील आणि कोणास बंधनकारक होणार नाही. मग विमा कंपनीलाही याच तीन महिन्यांत कळवले पाहिजे, कारण विमेदार वारल्यानंतर पॉलिसी तेवढाच काळ अथवा तिची स्वतःची मुदत संपेपर्यंत, जे आधी घडेल तोवरच, चालू राहते, याची त्यांनी आठवण करून दिली आणि तो अर्ज बाजूस काढला. एवढ्यात आतल्या खोलीतून काकू, ज्यांनी हे सारे ऐकलेले होते, भिंतीच्या आधाराने बाहेर येऊन बसल्या आणि सही कशावर करावयाची ते मला आधी वाचून दाखवा असे म्हणाल्या. नानांनी संमतिपत्राचा मसुदा वाचला. त्यात काकूंनी आपला हिस्सा सुनेच्या नावे होण्यास संमती दिली होती. हिस्सा किती ते लिहिलेले नव्हते.

काकू: माझा वाटा केवढा?

नाना: एक तृतीयांश धरता येईल, किंवा एक षष्ठांश. मोटार कोणाची होती यावर ते अवलंबून आहे.

काकू: कोणाची होती ते मला ठाऊक आहे. हिचा निम्मा पगार त्या गाडीत गेला. षष्ठांश लिही, आणि तो का ते सुद्धा लिही.

नानांनी हातातला मसुदा बाजूला ठेवला. वारसाचे शपथपत्र हे स्वतः वारसाचेच कथन असल्याने मोटार उभयतांच्या पैशाने घेतली होती ही गोष्ट तेथे मान्य केली, तर ती पुढे मान्य करणाऱ्यावर पुरावा म्हणून धरता येते, आणि मुलीनेही तेच लिहून दिले तर परस्परांत वादाला जागाच उरत नाही, हे त्यांनी वहिनींस समजावून सांगितले. नमुन्यात ज्याला रकाना नाही ते संमतिपत्रांच्या पहिल्या परिच्छेदात जाईल, असे ठरले. काकूंच्या अंगठ्यासाठी नोटरीस घरी बोलवावयाचे, कॅनडातले पत्र तेथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मागवावयाचे, आणि ते येईपर्यंत मुद्दत उलटू नये म्हणून ठाण्याची खबर व दोन्ही नमुने सोमवारीच दाखल करावयाचे. वहिनींनी २०१६ सालचे पासबुक काढून नानांपुढे ठेवले आणि दोघे मिळून त्या रकमेची तारीख शोधू लागले.